माशाच्या मेंदूत पावसाळा कसा उतरतो?

विणीचा हंगाम ठरविणारे संदेशवाहक रेणू आणि मेंदूतील जनुके

उरण तालुक्यातील करंजा आणि मोरा येथील यांत्रिक मासेमारी नौका १ जूनला किनाऱ्याला लागतात. त्या दिवसापासून ३१ जुलैपर्यंतचे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पावसाळ्यात खवळणारा समुद्र हे या बंदीचे एक कारण आहे, तर अनेक जातींच्या माशांच्या विणीचा हा काळ असणे हे दुसरे. बंदीचा आदेश कॅलेंडर पाहून काढता येतो. माशाला मात्र वीण कधी घालायची याचा निर्णय स्वतःच्या शरीरातच घ्यावा लागतो. पोटात गाबोळी केव्हा भरावी आणि अंडी कोणत्या दिवशी सोडावीत, हे त्याला कोण सांगते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत मेंदूतील काही मोजक्या पेशींपर्यंत, आणि त्या पेशींतील जनुकांपर्यंत येऊन पोहोचले आहे.

रायगड जिल्ह्याला परिचित असलेल्या जिताड्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. खाडीत सापडणारी जिताड्याची पिल्ले पकडून ती खारेपाटातील तळ्यांत वाढविण्याची पद्धत येथे जुनी आहे. तळ्याच्या गोड्या पाण्यात जिताडा उत्तम पोसला जातो, पण तेथे त्याची वीण होत नाही. त्यासाठी त्याला खाडीच्या मुखाजवळचे खारे पाणी लागते. मासा तोच, अन्न मुबलक, वयही पुरेसे. तरीही अंडी तयार होऊन बाहेर पडत नाहीत. तळ्यात कमतरता असते ती बाहेरच्या संकेतांची. हे संकेत मिळाले नाहीत, तर मेंदूतील संबंधित यंत्रणा पूर्ण वेगाने चालू होत नाही.

न्यूरोपेप्टाइड म्हणजे काय?

चेतापेशी एकमेकींशी अनेक प्रकारच्या रसायनांच्या साह्याने बोलतात. त्यांपैकी डोपामिनसारखे काही रेणू आकाराने अगदी लहान असतात आणि चेतातंतूच्या टोकाशीच तयार करता येतात. न्यूरोपेप्टाइडांचे तसे नाही. न्यूरोपेप्टाइड ही अमिनो आम्लांची छोटी साखळी असते आणि तिचा आराखडा जनुकात लिहिलेला असतो. पेशीच्या केंद्रकात त्या जनुकाची संदेशवाहक आरएनएच्या रूपात नक्कल निघते, तिच्यावरून एक लांब प्रथिन तयार होते, विकरे त्या प्रथिनाचे ठरावीक जागी तुकडे करतात आणि त्यांतील एक तुकडा म्हणजे कामाचे न्यूरोपेप्टाइड होय. साठा संपला, तर चेतातंतूच्या टोकाशी तो भरून काढता येत नाही. पुन्हा केंद्रकातील जनुकापासूनच सुरुवात करावी लागते. म्हणूनच कोणते जनुक केव्हा आणि किती वाचले जाते, यावर न्यूरोपेप्टाइडाचा पुरवठा अवलंबून असतो. जनुक वाचले जाऊन त्यापासून प्रथिन तयार होण्याच्या या क्रियेला ‘जनुकाची अभिव्यक्ती’ म्हणतात.

प्रजननाच्या बाबतीत यांतील सर्वांत महत्त्वाचे न्यूरोपेप्टाइड म्हणजे गोनॅडोट्रोपिन मुक्त करणारे संप्रेरक, अर्थात ‘जीएनआरएच’. ही केवळ दहा अमिनो आम्लांची साखळी आहे. डुकराच्या व मेंढीच्या मेंदूतून तिची रचना उलगडण्याचे काम १९७१ च्या सुमारास अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमँ यांच्या गटांनी केले. मेंदूत तयार होणाऱ्या पेप्टाइड संप्रेरकांवरील संशोधनासाठी या दोघांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अधश्चेतक या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातून निघणारे जीएनआरएच पीयूषिका ग्रंथीला आदेश देते. पीयूषिका दोन संप्रेरके रक्तात सोडते आणि ती जननग्रंथींपर्यंत पोहोचून अंडी वा शुक्रपेशी पक्व करतात. सस्तन प्राण्यांत मेंदू व पीयूषिका यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांचे छोटे जाळे असते. अस्थिमत्स्यांत मात्र जीएनआरएच पेशींचे तंतू थेट पीयूषिकेत उतरतात.

पेशीच्या दारापासून केंद्रकापर्यंत

येथे मुख्य प्रश्न उभा राहतो. बाहेरून आलेला संदेशवाहक रेणू बहुधा पेशीच्या आत शिरतच नाही. मग केंद्रकात बंदिस्त असलेल्या जनुकापर्यंत त्याचा संदेश पोहोचतो कसा? न्हावा-शेवा येथील बंदरात जहाज धक्क्यालाच थांबते, पण त्यावरील कंटेनर क्रेनवरून ट्रेलरवर आणि ट्रेलरवरून देशातल्या गोदामापर्यंत जातो. पेशीतही साधारण असेच घडते.

संदेशवाहक रेणू पेशीच्या आवरणातील ग्राही प्रथिनाला येऊन चिकटतो. त्यामुळे आवरणाच्या आतल्या बाजूचे एक विकर कामाला लागते आणि ‘सायक्लिक एएमपी’ हा छोटा रेणू मोठ्या संख्येने तयार होतो. पेशीच्या आतल्या या दुय्यम संदेशवाहकाच्या शोधाशी निगडित कार्यासाठी अर्ल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सायक्लिक एएमपीमुळे ‘प्रोटीन कायनेज ए’ हे विकर मोकळे होऊन केंद्रकात जाते आणि तेथील ‘क्रेब’ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक गट जोडते. फॉस्फेट जोडलेले क्रेब आणखी एका सहायक प्रथिनाला बोलावून घेते आणि जनुकाची नक्कल काढणारी यंत्रणा वेगाने सुरू होते.

क्रेबचा शोध लागला तोही एका न्यूरोपेप्टाइडाच्या जनुकावरच. वाढीच्या संप्रेरकाला आवर घालणारे सोमॅटोस्टॅटिन हे १४ अमिनो आम्लांचे न्यूरोपेप्टाइड कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत १९७३ मध्ये सापडले होते. सायक्लिक एएमपी वाढले की सोमॅटोस्टॅटिनच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढते, असे दिसून आल्यावर मार्क मॉन्टमिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्या जनुकाच्या आरंभापूर्वीचा आठ अक्षरांचा डीएनए-क्रम शोधून काढला. हा क्रम काढून टाकला, तर जनुक सायक्लिक एएमपीला दाद देत नाही. त्या क्रमाला चिकटणारे प्रथिन, म्हणजेच क्रेब, १९८७ मध्ये हाती लागले. फॉस्फेटचा गट त्यातील १३३ व्या अमिनो आम्लावर जोडला जातो, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. पुढे अशाच प्रकारचा क्रम इतर अनेक जनुकांतही आढळला. स्मरणशक्तीपासून व्यसनापर्यंतच्या अभ्यासात आज क्रेबचे नाव येते, त्याचे मूळ या छोट्याशा न्यूरोपेप्टाइडाच्या जनुकात आहे.

अनेक चाव्या, एक कुलूप

सायक्लिक एएमपी हा केवळ एक मार्ग झाला. चेतापेशी उद्दीपित झाली की तिच्यात कॅल्शियमचे आयन शिरतात आणि कॅल्शियमवर चालणारी विकरेही क्रेबला फॉस्फेट जोडू शकतात. शरीरातील चरबीचा साठा कळविणारे लेप्टिन हे संप्रेरक ‘स्टॅट ३’ नावाच्या वेगळ्याच प्रथिनामार्फत काम करते. सस्तन प्राण्यांच्या अधश्चेतकात ते भूक कमी करणाऱ्या न्यूरोपेप्टाइडाच्या जनुकाला चालना देते, तर भूक वाढविणाऱ्या न्यूरोपेप्टाइडाच्या जनुकाला आवर घालते. इस्ट्रोजेनसारखी स्टेरॉइड संप्रेरके तर पेशीचे आवरण ओलांडून आत शिरतात आणि त्यांचे ग्राही प्रथिन स्वतःच डीएनएला चिकटू शकते. एका जनुकाच्या आरंभाजवळ असे अनेक संदेश येऊन मिळतात आणि त्यांची एकत्रित बेरीज-वजाबाकी होऊन जनुक किती वाचायचे हे ठरते. ऋतू, अन्न, वय आणि ताण या साऱ्यांचा हिशेब एकाच वेळी मांडण्याची ही पद्धत आहे.

हाच संदेश दोन पेशींत उलट परिणामही घडवू शकतो. याचे ठळक उदाहरण ‘किसपेप्टिन’ या न्यूरोपेप्टाइडाचे आहे. त्याचे जनुक १९९६ मध्ये अमेरिकेतील हर्शी या गावी कर्करोगाच्या संशोधनात सापडले आणि तेथील प्रसिद्ध चॉकलेटवरून त्याला नाव मिळाले. २००३ मध्ये फ्रान्स व अमेरिकेतील दोन गटांनी, किसपेप्टिनच्या ग्राही प्रथिनात दोष असलेल्या व्यक्ती वयात येत नाहीत, हे दाखवून दिले. किसपेप्टिन जीएनआरएच पेशींना जागे करते, हे त्यावरून उघड झाले. उंदराच्या मेंदूत इस्ट्रोजेनमुळे एका केंद्रातील किसपेप्टिनच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढते, तर दुसऱ्या केंद्रातील घटते. पहिले केंद्र अंडमोचनाच्या वेळी जोर लावते, दुसरे एरवीचा समतोल राखते.

माशांत ऋतूचा संबंध अधिक थेट दिसतो. जपानमधील मेडाका या छोट्या माशावरील २००८ च्या अभ्यासात, मोठ्या दिवसांच्या प्रजननकाळात किसपेप्टिनचे जनुक व्यक्त करणाऱ्या ठरावीक चेतापेशींची संख्या जास्त आढळली, आणि ती इस्ट्रोजेनवर अवलंबून असल्याचेही दिसले. नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये सॅमनवर्गीय माशाच्या मेंदूच्या तळाशी दिवसाची लांबी ओळखणारा स्वतंत्र अवयव असल्याचे दाखविले. उरणच्या अक्षांशावर दिवसाची लांबी वर्षभरात सुमारे ११ तासांपासून १३ तासांहून थोडी अधिक, एवढीच बदलते. त्यामुळे येथील माशांच्या दृष्टीने पाण्याचे तापमान, क्षारता, पुराचा प्रवाह आणि चंद्रकला यांचे संकेतही महत्त्वाचे ठरतात.

हरवलेल्या संकेताची भरपाई

भारतातील मत्स्यशेतीचा इतिहास हा एका परीने या हरवलेल्या संकेताच्या भरपाईचा इतिहास आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, त्यांच्या पोटात गाबोळीही भरते, पण पुराच्या वाहत्या पाण्याअभावी ती बाहेर पडत नाही. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांची वीण यशस्वी केली. तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे कॅनडाचे रिचर्ड पीटर आणि चीनचे लिन हाओरान यांनी एक पाऊल आणखी मागे जाऊन पीयूषिकेऐवजी थेट मेंदूचा संदेश वापरला. कार्पवर्गीय माशांत डोपामिन जीएनआरएचच्या कामाला लगाम घालते. म्हणून त्यांनी जीएनआरएचसारख्या रेणूबरोबर डोपामिनला अडविणारे औषधही दिले. आज मत्स्यबीज केंद्रांत मिळणाऱ्या इंजेक्शनांत माणसांना उलटी थांबविण्यासाठी दिले जाणारे डॉम्पेरिडोन असते, त्याचे कारण हेच.

जिताड्याच्या बाबतीत हे यश १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेला मिळाले. तेथे जीएनआरएचच्या कृत्रिम रूपाचा वापर करून बंदिस्त जिताड्याची वीण घडविण्यात आली. खाडीतून पिल्ले गोळा करण्याखेरीज दुसरा मार्ग नसलेल्या मत्स्यशेतकऱ्यांना त्यामुळे पर्याय उपलब्ध झाला.

महाराष्ट्रातही या विषयावर मूलभूत काम झाले आहे. नागपूर येथे निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागूर माशाच्या मेंदूतील न्यूरोपेप्टाइडांचा दीर्घकाळ अभ्यास केला. एरवी भुकेशी जोडले जाणारे ‘न्यूरोपेप्टाइड वाय’ मागूरच्या मेंदूत जीएनआरएच यंत्रणेशी निगडित आहे, हे त्यांनी २००५ मध्ये मांडले. ‘कार्ट’ या दुसऱ्या न्यूरोपेप्टाइडाचे मादी मागूरच्या मेंदूतील प्रमाण प्रजननाच्या टप्प्यांनुसार बदलते, हे २०१० च्या शोधनिबंधातून पुढे आले. मुंबईतील वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये जीएनआरएचसारखा रेणू कायटोसानच्या अतिसूक्ष्म कणांना जोडून सायप्रिनस माशाला दिला. कायटोसान हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळते. या कणांमुळे संप्रेरकाचा परिणाम अधिक काळ टिकला आणि अंड्यांचे उत्पादन सुधारले. याच संस्थेतील गटाने २०१६ मध्ये कटला माशाचे किसपेप्टिन जनुक वेगळे करून, सूक्ष्म कणांतून दिलेल्या किसपेप्टिनचा प्रजननक्षमतेवरील परिणाम तपासला.

माशांनी दिलेला धक्का

सस्तन प्राण्यांत लागू पडणारा हिशेब माशांनाही जसाच्या तसा लागू असेल, हा समज मात्र गेल्या दशकात मोडीत निघाला. किसपेप्टिनची दोन्ही जनुके काढून टाकलेले झेब्राफिश प्रजननक्षम राहतात, हे २०१५ मध्ये दिसून आले. जीएनआरएचचे जनुक निकामी केलेल्या झेब्राफिशचेही प्रजनन चालू राहिले. मेडाकात मात्र तसे केल्यावर मादीचे अंडमोचन थांबले. याचा अर्थ माशांच्या मेंदूत एकाच कामासाठी पर्यायी मार्ग आहेत आणि ते जातीनुसार वेगळे आहेत.

अशा एका मार्गाचा उलगडा २०२४ मध्ये झाला. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील गटाने झेब्राफिशवर आणि टोकियो विद्यापीठातील गटाने मेडाकावर स्वतंत्रपणे काम करून, अंडी पोसणारे पीयूषिकेतील संप्रेरक ‘कोलेसिस्टोकायनिन’ या पेप्टाइडाच्या नियंत्रणाखाली असल्याचे दाखविले. पोट भरल्याची जाणीव देणारा रेणू म्हणून त्याची ओळख होती. पोट भरलेल्या मादीनेच गाबोळी भरावी, हा निसर्गाचा नियम माशाच्या मेंदूत एका रेणूच्या रूपाने नोंदलेला आहे, असे त्यावरून म्हणता येईल.

उरणच्या खाडीला याचा अर्थ काय?

प्रयोगशाळेतील या गोष्टींचा करंजाच्या मच्छीमाराशी संबंध तीन ठिकाणी येतो.

पहिला संबंध माशाच्या आकाराचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी निश्चित केली. त्याच वर्षी राज्यमासा म्हणून घोषित झालेल्या रुपेरी पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. मासा प्रथम प्रजननक्षम केव्हा होतो, हा अशा शिफारशींचा एक मुख्य आधार असतो. मेंदूतील न्यूरोपेप्टाइड-यंत्रणा पहिल्यांदा जागी होण्यापूर्वीच मासा जाळ्यात आला, तर त्याने मागे एकही अंडे ठेवलेले नसते. जिताड्यात तर मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे लहान मासे सरसकट उचलले, तर पुढच्या माद्याच उचलल्या जातात.

दुसरा संबंध पाण्यातील परक्या संदेशांचा. कॅनडातील ओंटारियो प्रांतात २००१ ते २००३ या काळात एका प्रायोगिक तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे केवळ ५ ते ६ नॅनोग्रॅम या प्रमाणात मिसळण्यात आले. तेथील फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांत मादीची लक्षणे दिसू लागली आणि त्यांची संख्या जवळजवळ संपुष्टात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने, संदेशवाहक रेणूंची नक्कल करणारे द्रव्य किती अल्प मात्रेत घातक ठरते, हे दाखविले. माशाचे ग्राही प्रथिन खरा इस्ट्रोजेन आणि सांडपाण्यातून आलेला इस्ट्रोजेन यांत भेद करीत नाही.

तिसरा संबंध प्रकाशाचा. बर्लिनमधील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये गोड्या पाण्यातील युरोपीय पर्च माशावर केलेल्या प्रयोगात, रात्रीच्या कृत्रिम प्रकाशामुळे मेलाटोनिनचे दैनंदिन चक्र दबले आणि पीयूषिकेतील प्रजनन-संप्रेरकांच्या जनुकांची अभिव्यक्ती घटली. तो मासा आणि ते हवामान वेगळे असल्याने हा निष्कर्ष अरबी समुद्राला थेट लावता येत नाही. तरीही रात्रभर उजळलेल्या बंदराच्या शेजारी मासेमारी करणाऱ्या तालुक्यासाठी त्याचे महत्त्व आहे.

उष्ण कटिबंधातील अनेक सागरी मासे एकाच महिन्यात नव्हे, तर दीर्घ काळ टप्प्याटप्प्याने वीण घालतात. त्यामुळे ६१ दिवसांच्या बंदीतून जाळ्यापासून संरक्षण मिळते, पण सगळ्या जातींच्या सगळ्या विणीला नाही. उरलेले काम किमान आकाराचा नियम, खाडीचे स्वच्छ पाणी आणि पिल्लांना आसरा देणारी खारफुटी यांच्यावर येते. बंदर व इतर प्रकल्पांमुळे उपजीविका गमावलेल्या उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला होता. गमावलेल्या मासळीची किंमत रुपयांत काढता येते. पाण्यातील संकेत एकदा बिघडले, तर माशाच्या मेंदूतील जनुकांना ते पुन्हा ऐकविण्याचे काम इंजेक्शनाने होते ते फक्त मत्स्यबीज केंद्राच्या हौदात; समुद्रात ते पावसाने, प्रवाहाने आणि अंधाराने मिळूनच करायचे असते.